दिव्याच्या बाजूने

नेटाने ओलं कापड डावीकडे सरकवलं, आणि त्याच वेळी डावीकडूनच ते तिच्या अंगावर परत आलं. जाड लोकरीचा थंडगार गोळा सपकन मनगटावर बसला, पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत गेलं, आणि टेबलाभोवतीच्या पोरी हसत सुटल्या. हसली नाही ती फक्त नेटाच्या डाव्या हाताला बसलेली एली. तिने चटकन दोन्ही हात मागे घेतले. "माफ करा हं," ती म्हणाली, "सवयीने झालं. आमच्याकडे उजवीकडे देतात." एली स्कॉटलंडच्या युइस्ट बेटावरची. घरात गेलिक बोलणारी, लहानपणापासून अशी कापडं गोलाने बसून बडवून घट्ट करताना पाहिलेली या सगळ्यांत ती एकटीच. ग्लासगोतल्या मॅरीहिलच्या एका चर्चच्या हॉलमध्ये तालमीचा पहिला दिवस होता, आणि आपण एरवी कुणाशी हुज्जत घालत नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रोवन, दिग्दर्शिका, खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसली होती. तिने वहीतून मान वर केली. "मग उजवीकडेच द्या ना," ती म्हणाली. "एली तिथलीच आहे, तिला माहीत असणार. शोना, तुला चालेल ना गं?" नेटाने बाही पिळली; इथे सगळे तिला शोना म्हणत. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने हे कापड बरोबर बाजूने फिरवलं होतं, आणि पहिल्याच फेरीत ते तिच्या तोंडावर आलं होतं. "चालेल," ती म्हणाली.

तिला न चालायला काय झालं होतं? ती या हॉलमध्ये आली होती तीच मुळी शिकवायला. 'शेवटचं कापड' हे नाटक पुन्हा करायचं ठरलं तेव्हा जुन्या संचातली हयात आणि चालतीफिरती अशी तीच एक उरली होती. बाकीच्यांपैकी दोघी गेल्या, एक ऑस्ट्रेलियात मुलाकडे, आणि ज्याने हे नाटक उभं केलं त्या डगलला दारूने आणि दम्याने मिळून खलास केलं. तेव्हा रोवनने घरी फोन करून आर्जवं केली होती: खरं कसं करायचं ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? म्हातारीची भूमिका तुझीच, आणि वर कापड बडवण्याचा प्रवेश पोरींना तूच शिकव. नेटाने हो म्हटलं. गुडघे दुखत होते, संवाद पूर्वीसारखे राहत नव्हते, पण हो म्हटलं, कारण तिच्या मनात एक बेत होता. कुणाला काही न सांगता यावेळी कापड डावीकडे फिरवायचं, सूर्य फिरतो त्या अंगाने. कबुलीजबाब नाही, गाजावाजा नाही. पोरींना तेवढंच ठाऊक होईल, त्या तेच पुढे नेतील, आणि तिची सुटका होईल. इतका साधा बेत होता.

उजवीकडे हे आलं दिव्यामुळे. सत्त्याहत्तर साली त्यांच्याकडे एक मोडकळीला आलेली व्हॅन होती, सात माणसं, एक फळ्यांचं टेबल आणि एकच धड दिवा. गावोगावच्या हॉलमध्ये तो दिवा एका बाजूच्या खांबाला बांधायचे, कारण व्हॅनमध्ये जी वायर होती ती तेवढीच पोहोचायची. जमीनदाराने मेंढ्यांसाठी सगळं गाव उठवलंय, दुसऱ्या दिवशी छपरं जाळायला माणसं येणार आहेत, आणि बायका शेवटचं कापड बडवून घट्ट करताहेत, असा तो प्रवेश. डगलला वाटायचं की कापड फिरत फिरत शेवटी नेटाच्या हातात यावं आणि त्यावेळी तिचा चेहरा उजेडात असावा. दिवा ज्या बाजूला, त्या बाजूला कापड. कोणत्या अंगाने फिरवायचं असतं, फिरवण्याला काही अंग असतं, हे त्यांच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गाणं त्यांनी एका ध्वनिफितीवरून घोकलं होतं, अर्थ न कळता, नुसत्या आवाजाने. कापड मुतात भिजवत असत एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं, कारण ते सांगितलं की लोक हसायचे. त्या काळात असंच चालायचं. जे हसवेल किंवा रडवेल ते खरं.

आणि नेटा तर मुळातच खोटी होती. नाव नेटा पोलक, गाव क्लाइडबँक, बाप शिवणयंत्रांच्या कारखान्यात, आजी धाग्याच्या गिरणीत. डगलने पहिल्याच दिवशी तिचं नाव कागदावर लिहून पाहिलं, खोडलं आणि म्हणाला, "नेटा पोलकला कोण कुठून हाकलून देणार? तू आजपासून शोना मॅकनील." तिला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. पंचवीस वर्षांची होती; शोना मॅकनीलचे केस वाऱ्यावर उडायचे, नेटा पोलकच्या केसांना स्वयंपाकघरातल्या तेलाचा वास यायचा. बाप पहिला प्रयोग बघायला आला आणि परतताना बसमध्ये म्हणाला, "पोरी, रडलीस झकास. पण आपल्याला हाकललं कुणी? आपण डम्बार्टन रोडवरून कधी हललोच नाही की." त्यावर ती हसली होती, आणि नंतर कितीतरी वर्षं हसताना आत काहीतरी टोचत राहिलं होतं. कॅनडातून, तिकडे गेलेल्यांच्या नातवंडांकडून, पत्रं यायची. तुमचा चेहरा अगदी माझ्या पणजीचा आहे, तुम्ही रडलात तेव्हा मला माझं घर कळलं, असं लोक लिहायचे. सुरुवातीला ती उत्तरं द्यायची. मग तिला वाटायला लागलं की आपण त्या लोकांच्या पणजीचे दागिने घालून फिरतोय आणि ते आपल्यालाच दुवा देताहेत. तिने उत्तरं देणं सोडलं. अंगवळणी पडतं सगळं. गावातले पोलिसही तिला शोना म्हणायला लागले. नेटा म्हणणारी एक बहीण तेवढी उरली, आणि ती तर भांडतानाच म्हणायची.

ते युइस्टच्या हॉलमध्ये घडलं. पाऊस नव्हता, वारा मात्र असा होता की दार दोघांनी धरल्याशिवाय लागत नव्हतं. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, चहा झाला, लोक पांगले. नेटा टेबलाच्या फळ्या पुसत होती. काळा कोट घातलेली एक म्हातारी तेवढी मागे राहिली होती. ऐंशीच्या पुढची असावी. कोट तिच्याहून मोठ्या माणसाचा वाटत होता. ती सावकाश टेबलाशी आली. नेटाला वाटलं, आता ही रडणार, हात हातात घेणार, आपल्या आजीबद्दल सांगणार, सगळ्या सांगत. म्हातारीने हात हातात घेतले खरे. पण ती रडली नाही, बोललीही नाही. तिने नेटाची दोन्ही मनगटं धरून तिला बाकावर बसवलं, ओलं कापड पुढ्यात ओढलं, नेटाचे हात त्यावर ठेवले आणि ते हात डावीकडे नेले. परत आणले, परत डावीकडे नेले. चार वेळा, पाच वेळा. तिची बोटं कोरडी आणि गरम होती, आणि त्यांच्यात राग नव्हता. लहान मुलाला अक्षर गिरवून देतात तसं ती करत होती. मग तिने कापडावर एक थोपटणी दिली आणि ती निघून गेली. हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला नेटाने विचारलं, तर तो म्हणाला, "दोलीना होय? तुम्ही उलटं फिरवताय ना. इथे कुणी तसं फिरवत नाही, अपशकुन मानतात. पण नाटकात चालतं म्हणा!" तो माणूस भला होता, त्याने वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी प्रयोग होता. नेटाने कुणालाही न सांगता डावीकडे दिलं. कापड दोन्हीकडून येऊन मध्येच अडकलं, गाण्याचा ठेका तुटला, एक फळी निसटली. डगल विंगेत लालबुंद झाला. "अगं, तिथे काळोख आहे!" तो ओरडला. "तुझं तोंड दिसणार कसं लोकांना? हे नाटक मी बसवलंय की तू?" आणि नेटा गप्प बसली. गप्प बसण्यात तिला काही विशेष कष्टही पडले नाहीत, हेच तिला पुढे आयुष्यभर बोचत राहिलं. त्यानंतर दोनशेहून जास्त प्रयोग उजवीकडे झाले. मग टीव्हीवाले आले, त्यांनी दिवे चिक्कार आणले, आता कुठल्याही बाजूने फिरवलं असतं तरी तोंड दिसलं असतं. पण तोवर हात लागले होते. तेही उजवीकडेच झालं. म्हातारीची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, नवरा सोडून गेल्यावर बहिणीला नाही. तिला हुंदके मागणीनुसार येत, तिने स्वतःच्या बापाच्या मरणावरचं रडणं तीन नाटकांत वापरलं होतं, बाळ पडलं त्याचं एका मालिकेत. मनगटांवरची ती गरम बोटं तेवढी तिने कधी कुणासमोर करून दाखवली नव्हती. तिच्या जवळ तिची म्हणावी अशी ती एवढी एकच गोष्ट होती.

चहाच्या सुट्टीत ती एलीशेजारी जाऊन बसली. झरीना, पोलकशील्ड्‌सची, संचातली सगळ्यांत बोलकी पोर, चौकोनी सॉसेजचा पाव खात होती. शाकाहारी सॉसेज, ती प्रत्येकाला न विचारता सांगत होती. "मला एक सांग एली," झरीना म्हणाली, "मी गेलिक बाई म्हणून शोभते का? माझ्या काकूने विचारलं, तुला कोणी हाकललं गं? मी म्हटलं, मेंढ्यांनी." एली हसली. नेटाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे अजून बडवतात कापड?" "हो तर. दर गुरुवारी हॉलमध्ये. उन्हाळ्यात पाहुणे येतात ना बघायला. माझी आजी पुढारी आहे त्यांची. पस्तीस वर्षं झाली." "आणि आजी कुणाकडून शिकली?" एलीने कपात पाहिलं. तिला थोडी लाज वाटली असावी, किंवा गंमत वाटली असावी. "खरं सांगू? तुमच्याकडूनच. म्हणजे नाटकाची टेप होती कुणाकडे तरी, टीव्हीवरून घेतलेली. जुन्या बायका सगळ्या गेल्या होत्या किंवा अंथरुणाला होत्या. मग आजी आणि तिच्या मैत्रिणी टेप थांबवून थांबवून शिकल्या. आजी म्हणते, शोना मॅकनील नसती तर आमचं सगळं बुडालं असतं. तुम्ही येताय हे ऐकून ती नाचायचीच बाकी होती." नेटाला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि तिने पावाचा तुकडा मागितला, काहीतरी चावायला हवं म्हणून.

डेनिस्टनला घरी, तिसऱ्या मजल्यावर चढताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती. थकवा गुडघ्यांत होता की आणखी कुठे हे कळत नव्हतं. एका दिव्याच्या वायरची लांबी कमी पडली, आणि त्याचं एका अख्ख्या बेटाचं वळण झालं. पस्तीस उन्हाळे तिथल्या बायका पाहुण्यांपुढे बसून, आपलं आहे म्हणून, वाडवडिलांचं आहे म्हणून, डगलच्या दिव्याच्या दिशेने कापड ढकलत होत्या. आणि ती म्हातारी? तिच्या डोळ्यांदेखत हे सुरू झालं असेल का? ती अंथरुणावरून ऐकत असेल का? जाऊ दे, नेटा स्वतःला म्हणाली. कोणाचं काय अडलं? तिथल्या बायकांना दर गुरुवारी एकत्र यायला मिळतं. पाहुणे खूश होतात. कापड कुणी अंगात घालत नाही, वाळवून पुन्हा पुढच्या गुरुवारी तेच. मंगळवार गेला, बुधवार गेला. तालमीत ती उजवीकडे देत राहिली आणि पोरींना मनगटं कशी सैल ठेवायची ते शिकवत राहिली, आणि रोवन प्रत्येकाला सांगत राहिली की बघा, हे हात बघा, हे खरे हात आहेत. गुरुवारी तिसऱ्यांदा रोवन ते म्हणाली तेव्हा नेटाने कापड टेबलावर टाकलं. तिला खरं बोलण्याची उबळ वगैरे आली नव्हती. ती नुसती कंटाळली होती.

"हे खरे हात नाहीत," ती म्हणाली. "माझं नाव शोना नाही, नेटा पोलक. आणि आपण हे उलटं फिरवतोय. एली, तुझी आजीसुद्धा उलटं फिरवते, आणि ते माझ्यामुळे." मग तिने सांगितलं. बसून, पाणी निथळणाऱ्या बाह्यांनी, आवाज न चढवता सांगितलं: वायर, डगल, काळा कोट, मनगटं. दुसऱ्या दिवशी काय झालं आणि आपण कशा गप्प बसलो तेही. सांगताना तिला मध्ये शिंक आली. एक वाक्य दोनदा झालं. झरीनाने तोंडावर हात ठेवला होता. एली टेबलाकडे बघत होती, तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, आणि नेटाला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि जायलाच हवी. हॉलमधलं रेडिएटर खडखड करत होतं. बरं वाटत होतं का? हो, बरं वाटत होतं, ओकारी झाल्यावर वाटतं तसं.

रोवन कट्ट्यावरून उतरली आणि नेटासमोर जमिनीवर बसली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खरेच भरले होते, रोवन लबाड मुलगी नव्हती. "अगं, हेच," ती म्हणाली. "हेच तर नाटक आहे. आपण सगळे असेच झालोत. दिवा कुणीतरी चुकीच्या खांबाला बांधला आणि आपण चाळीस वर्षं म्हणतोय, हे आमचं. शोना... नेटा... तू हे असंच रंगमंचावर सांगायचं. नाटक थांबवायचं, लोकांकडे बघायचं आणि सांगायचं. मग पोरी कापड बरोबर बाजूने फिरवतील."

"नाही गं," नेटा म्हणाली. "हे नाटकातलं नाही."

"म्हणूनच तर!"

"जरा तिला श्वास घेऊ दे की," झरीना म्हणाली. पण रोवन नेटाचा ओला हात धरून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की नेटाला तिच्याशी झगडायचं म्हणजे आणखी एक जिना चढण्यासारखं वाटलं. "एली, तू सांग," नेटा म्हणाली. एली टेबलावरचं पाणी बोटाने ओढत राहिली. "लोकांना कळायला हवं ना," ती शेवटी म्हणाली. "तुम्हीच सांगितलं तर बरं. मी आजीला फोनवर कसं सांगू?" झालं. ज्या एका पोरीने नाही म्हणायला हवं होतं तिनेच हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात त्या कबुलीची तालीम सुरू झाली. शिंक काढली. दोनदा झालेलं वाक्य मात्र ठेवलं, कारण ते सच्चं वाटतं असं ठरलं. नेटाने ते रोज दोनदा म्हणायचं. अडलं ते मनगटांपाशी. "ती काहीच बोलली नाही?" रोवनने विचारलं. "एक शब्दही नाही?" "नाही." "प्रॉब्लेम असा आहे की हात वळवले हे शेवटच्या रांगेतून दिसत नाही गं. लोकांना काहीतरी ऐकू यायला हवं. बोलली असती तर काय बोलली असती?" पावणेपाच वाजले होते. नेटाची बस पाचला होती, पुढची तासाने. मांडीत पेटके येत होते आणि कुणीतरी दिवे घालवायला दाराशी येऊन उभं होतं. नेटाने मान खाली घातली, कापडावर हात ठेवले, आणि ज्या आवाजावर तिने चाळीस वर्षं पोट भरलं होतं त्या आवाजात म्हणाली: "पोरी, असं उलटं फिरवलंस तर हे अंगात घालणारा घरी कसा यायचा?" झरीना रडायला लागली. रोवनने हळूच विचारलं, "खरंच असं म्हणाली ती?" आणि नेटाने कोट उचलला, बाही शोधली. "साधारण," ती म्हणाली. तिला पाचची बस मिळाली.

शुक्रवारी ते वाक्य जाहिरातीवर होतं, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. मग 'पोरी' नंतर किती थांबायचं ते ठरलं, म्हातारीचं नाव उच्चारताना वर बघायचं की खाली ते ठरलं, अश्रू 'घरी' या शब्दाला यावा असं कुणी म्हटलं नाही, पण तो तिथेच यायला लागला. नेटाला हे माहीत होतं. ही तिची विद्याच होती, आणि विद्या काही थकत नाही, माणूस थकतं. ग्लासगोतल्या पहिल्या प्रयोगाला लोक उभे राहिले. समीक्षक लिहू लागले की इतकं निखळ, इतकं अनाटकी काही आपण कित्येक वर्षांत पाहिलं नाही. बहीण येऊन गेली आणि म्हणाली, "नेटा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस," आणि पहिल्यांदाच भांडण नसताना तिला नेटा म्हणाली. दहाव्या-बाराव्या प्रयोगानंतर घरी मोजे काढताना नेटाने डोळे मिटून ती बोटं आठवून पाहिली. कोरडी होती, गरम होती. पण त्यांच्याबरोबर आता आवाज यायला लागला होता. बोटं मनगटाला लागायच्या आधीच 'पोरी' ऐकू यायचं. तिने पुन्हा पुन्हा आवाज बाजूला सारून पाहिला. त्याच्यासरशी बोटंही बाजूला सरत. तेव्हा ती घाबरली. म्हातारपण आलं, नवरा गेला, तेव्हाही इतकी घाबरली नव्हती.

बेटावर दौरा जायचा होता. एली रोज काही ना काही बातमी आणायची. "आजीकडे दोन तट पडलेत," ती सांगायची, हसू दाबत. "अर्ध्या म्हणतात, आता डावीकडे. अर्ध्या म्हणतात, आम्ही पस्तीस वर्षं उजवीकडे देतोय, आता हीच आमची रीत, ग्लासगोच्या नटीने दोनदा येऊन आम्हाला शिकवायचं नाही. मागच्या गुरुवारी कापड कुठेच गेलं नाही. दोघी दोन्हीकडून ओढत बसल्या. पाहुण्यांना वाटलं, हाही खेळच आहे." "आणि आजी कुठल्या तटात?" "आजी बोलतच नाही. ती म्हणते, मी आधी बघणार." नेटाने मनाशी ठरवलं होतं की बेटावरच्या प्रयोगात ते वाक्य म्हणायचं नाही. त्या हॉलमध्ये नाही. नुसते हात वळवायचे, शेवटच्या रांगेला दिसोत न दिसोत. बोटीत वाऱ्याला उभं राहून ती तेच घोकत होती: गप्प राहायचं. चाळीस वर्षांपूर्वी जे इतकं सोपं गेलं होतं ते.

शनिवारी दुपारचा प्रयोग होता. हॉल तोच, खिडक्या नव्या, दार आता एका माणसाने लागत होतं. खचाखच भरला होता. नेटा त्या जागी आली, नाटक थांबवलं, लोकांकडे वळली. काळ्या कोटापर्यंत आली, मनगटांपर्यंत आली, आणि थांबली. हॉल शांत झाला. आणि तिच्या लक्षात आलं की ही शांतता त्या वाक्याच्या आधीची आहे; ती वाक्याची वाट बघते आहे, लोकांनी ते जाहिरातीवर वाचलं आहे. ती आणखी थांबली. कुणीतरी खोकलं. शेजारी झरीना घाबरून ते वाक्य कुजबुजली. तिला वाटलं, बाई विसरली. नेटाचं तोंड आपणहून उघडलं. 'घरी' या शब्दाला अश्रू आला.

नंतर चहाच्या टेबलाशी एली एका ठेंगण्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या बाईला घेऊन आली. "ही माझी आजी, क्रिसी." क्रिसीने नेटाचा हात धरला आणि सोडला नाही. "एली, तू जा बघू, कपांचं बघ," ती म्हणाली, आणि पोर गेल्यावर तिने आवाज खाली आणला. "दोलीना माझी आई."

नेटाला बसायला हवं होतं, पण खुर्ची लांब होती.

"इथे घरोघरी दोलीना आहेत, पोरीला ठाऊक नाही. मी तेव्हा ग्लासगोला नर्स होते," क्रिसी म्हणाली. "परत आले तोवर तिला झटका येऊन गेला होता. पडून असायची. आम्ही पलीकडच्या खोलीत टेप लावून शिकायचो आणि ती भिंतीकडे तोंड करून असायची. मला वाटायचं, झोपलीय." तिचा हात नेटाच्या मनगटावर सरकला. "ती तुमच्याशी बोलली. इंग्रजीत?"

आता सांगता आलं असतं. नाही, क्रिसी, एक अक्षर नाही. तिने फक्त माझे हात धरले. एवढं सांगायला काय लागतं? नेटाने ते आठवून पाहिलं, निदान सांगण्यापुरतं तरी. तिच्या मनगटावर आता क्रिसीचा हात होता, ओलसर, चहाने ऊबदार झालेला, आणि त्याखाली काहीच नव्हतं.

"हो," नेटा म्हणाली. "इंग्रजीत."

"आमच्याशी कधी नाही बोलली. एवढं लांब तर गेलिकमध्येही नाही. कामापुरतं बोलायची, बस्स." क्रिसीच्या बोलण्यात थोडा मत्सरही असावा. "परत एकदा म्हणाल का? तिथे लोक होते. मला नीट ऐकता आलं नाही."

नेटाने ते वाक्य पुन्हा म्हटलं. 'पोरी' नंतर थांबायचं तितकी थांबली. क्रिसीने डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, आणि डोळे न उघडताच विचारलं, "आवाज असाच होता ना तिचा? मला आता आठवतच नाही हो. असाच, जरा घोगरा?"

"हो," नेटा म्हणाली. "जरा घोगरा."